एकशे चार टक्के

कायद्यात सक्ती कुठेही नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे घडलं ते ऐकून कोणाचा उगाच गैरसमज व्हायचा.

'पाळीव प्राणी जबाबदार पालकत्व प्रोत्साहन अधिनियम' हे त्याचं पूर्ण नाव. अठ्ठेचाळीस पानांत 'सक्ती' हा शब्द एकदाही आलेला नाही. 'प्रोत्साहन' एकशे सतरा वेळा आलेला आहे. ज्याच्या दारात कुत्री आहे त्यानं ती निर्बीज करून घ्यावी, असं शासनाला प्रेमानं वाटत होतं. नाही केली तरी शासन रागावणार नव्हतं. फक्त प्रमाणपत्र नसलेल्याचा गॅसचा नंबर जरा मागं सरकणार होता. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या तारखेला नगरपालिकेचं मंगल कार्यालय नेमकं दुरुस्तीला निघणार होतं. आणि त्याच्याकडं मेंढरं असतील तर वनखात्याचा चराईचा पास छापायला टाकलेला होता; तो छापून येईपर्यंत मेंढरांनी जरा दम धरायचा होता. तोवर त्यांनी काय खायचं याचं कलम कायद्यात नव्हतं. कायदा कुत्र्यांसाठी होता, मेंढरांसाठी नव्हे.

कुरणवाडी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकारी डॉ. शालन तुपे यांनी हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांना आनंद झाला होता. हे त्या आता कोणाला सांगत नाहीत. पण झाला होता खरा, आणि त्याला कारणही होतं. पोत्यात बांधून ओढ्यात टाकलेली पिल्लं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. पिसाळलेलं कुत्रं चावलेली माणसंही पाहिली होती. वीस वर्षं त्या कुत्र्यांची नसबंदी हातानं करत आल्या होत्या: पोट उघडायचं, गर्भाशय आणि अंडाशय काढायचं, टाके घालायचे. दिवसाला बारा. तेरावी आली की म्हणायच्या, "उद्या आणा."

या 'उद्या'त फार शहाणपण होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. बाराच करता येतात म्हटल्यावर कोणत्या बारा, हे ठरवावं लागतं. गल्लीत मोकाट फिरणारी आधी. दर सहा महिन्यांनी वीत असलेली आधी. माळावर लांडग्याला अंगावर घेणारी धनगराची कुत्री शेवटी, किंवा नाहीच. कायद्यात नसलेली अक्कल शालनबाईंच्या दुखऱ्या मनगटात होती.

मग मनगट दुखायचं थांबलं. 'अंकुशा' आली.

अंकुशा म्हणजे एक सुई. मादी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात पुढच्या सगळ्या जन्मांची बीजं झोपलेली असतात. त्यांना झोपवून ठेवणारं एक संप्रेरक शरीर स्वतःच तयार करतं. ते थोडं असलं की काही बीजं जागी होतात, फार असलं की सगळी झोपूनच राहतात. शास्त्रज्ञांनी एका विषाणूचं कवच पोखरून रिकामं केलं, त्यात त्या संप्रेरकाची कृती, म्हणजे त्याचं जनुक भरलं, आणि ते मांडीच्या स्नायूत सोडलं. स्नायू हा शरीरातला सगळ्यात आज्ञाधारक नोकर. त्याच्या हातात कागद पडला की तो वाचत बसत नाही, कामाला लागतो. मांडी त्या दिवसापासून मरेपर्यंत ते संप्रेरक गाळत राहते आणि बीजं मरेपर्यंत झोपून राहतात. टाका नाही, भूल नाही, दहा सेकंद. नरावर याचा काही परिणाम होत नाही, म्हणून कायद्यानं नरांची फक्त नोंद घेतली आणि त्यांना सोडून दिलं. कायद्याला ती सवय जुनीच.

दिवसाला बाराऐवजी तीनशे होऊ लागल्या. तीनशे होतात म्हटल्यावर कोणत्या, हे ठरवायची गरज उरली नाही. सगळ्याच. शास्त्रज्ञांनी शंभरांतल्या सत्तर करा म्हणून लिहून दिलं होतं. पण सत्तर टक्क्यांचा कधी सत्कार होतो का? शेजारच्या जिल्ह्यानं नव्वद केल्या, त्याच्या शेजाऱ्यानं पंचाण्णव, आणि मग सगळीकडं शंभराचे फलक लागले.

आता कानाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

नसबंदी झालेली कुत्री ओळखू यावी म्हणून तिच्या डाव्या कानाला खाच पाडतात. शालनबाई नोकरीला लागल्या तेव्हा शस्त्रक्रियांचा आदेश आला होता, खाच पाडायचं हत्यार मात्र आलं नव्हतं. ते अजून यायचं आहे. त्यांनी कात्रीनं केलेल्या पहिल्या दहा कानांपैकी सहा चिघळले. तेव्हा माळावर मेंढरं घेऊन उतरलेल्या धुळा यमगरनं त्यांना शिकवलं. यमगरांच्या मेंढरांच्या डाव्या कानाला पिढ्यान् पिढ्या एकच खूण: बाणाच्या टोकासारखी खाच, एक बाजू जरा तिरकी.

"कान उन्हाकडं धरा, बाई," धुळा म्हणाला होता. "शीर दिसती का तांबडी? ती सोडून कापायचं. वर राख दाबायची. शीर तुटली तर जनावर रडतंय. न्हाय तुटली तर त्याला कळत बी न्हाय."

शालनबाईंनी धुळाच्या हाताचं वळण उचललं, तिरक्या बाजूसकट. पुढं साडेआठ हजार कानांना त्यांनी तीच खाच पाडली आणि प्रत्येक कानाचा फोटो नोंदीला लावला. एवढी नेटकी नोंद राज्यात दुसरीकडं नव्हती. म्हणून मंत्रालयानं मोबाइलचं ॲप बनवलं तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याला कान ओळखायला याच फोटोंवर शिकवलं. खाच दिसली की ॲप हिरवं व्हायचं आणि गोड आवाजात म्हणायचं, "निर्बीजीकरण पूर्ण. धन्यवाद, जबाबदार पालक!" म्हणजे जुनी शस्त्रक्रिया झालेली आहे, सुई वाया घालवू नका.

अशा रीतीनं शासनाच्या डोळ्याला यमगरांची खूण म्हणजे नसबंदी, हे पाठ झालं.

मेंढपाळांच्या कुत्र्या वगळाव्यात असं शालनबाईंनी सुरुवातीलाच लिहून कळवलं होतं. जिल्ह्याचे उपायुक्त डॉ. अभिजात सरनोबत हे हसरे, तरतरीत गृहस्थ. ते म्हणाले, "अवश्य, तुपे मॅडम! यादी द्या ना." शालनबाई आठ दिवस माळ तुडवत हिंडल्या. एकसष्ट कुत्र्या. कोणाची, कोणत्या रंगाची, कळप कोणत्या महिन्यात कुठं असतो, कातरणीला कोणत्या ओढ्यावर उतरतो. वर ठळक लिहिलं, 'राखीव', आणि खाली सही केली.

दसऱ्याआधी कातरणीला सगळे कळप ओढ्याकाठी एकत्र आले, त्या दिवशी शालनबाईंना 'लाभार्थ्यांशी संवाद' या प्रशिक्षणासाठी पुण्याला बोलावून घेतलं. त्या तिथं वहीत संवादाच्या पायऱ्या उतरवत होत्या तेव्हा इकडं ओढ्यावर पांढरे कोट घातलेली दोन पथकं उतरली. त्यांच्या हातात यादी होती. तासाभरात एकसष्ट झाल्या.

दुसऱ्या दिवशी शालनबाई धावत ओढ्यावर गेल्या. धुळानं त्यांना पाहिलं आणि पाठ केली. बोलली ती त्याची बायको मायाक्का.

"आमी म्हनलं पिसाळीची लस आसंल. कागदावर तुमचं नाव वाचलं ह्यांनी. डाक्टरीणबाईंची सही हाय म्हनल्यावर आमीच धरून दिली की एकेक."

शालनबाई तशाच सरनोबतांकडं गेल्या. "साहेब, ती यादी वगळायची होती."

"मॅडम, बाकी तालुक्यांत आम्हाला मेंढपाळांची कुत्री सापडता सापडत नाहीत. तुमच्यामुळं इथं सापडली." सरनोबतांनी चहा मागवला. "अशी यादी कुणाकडंच नाही. तुमचं नाव मी पुरस्काराला सुचवलंय."

तो चहा शालनबाई प्यायल्या. या गोष्टीत त्यांना स्वतःची सगळ्यात जास्त चीड येते ती याच जागी. कप फेकायचा होता, आणि त्या प्यायल्या, बिस्किटसुद्धा खाल्लं.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. माळावरची कुत्री फार जगत नाहीत. लांडगा, बिबट्या, साप, रस्ता. एकसष्टातल्या चौतीस उरल्या होत्या, त्याही थकलेल्या, आणि मागून एकही येत नव्हती. लांडग्यांना ही बातमी कुणी सांगितली कोण जाणे, पण त्यांना ती वेळेवर पोचली. धुळाची तर त्या हिवाळ्यात एका रात्रीत नऊ मेंढरं गेली.

शासन गप्प बसलं असं नाही. शासनानं आधी भुंकणारी यंत्रं दिली: उन्हावर चालणारी, दर सात मिनिटांनी भुंकणारी. आठवडाभर लांडगे लांब राहिले. मग ते त्या यंत्राशेजारी बसून राहू लागले; सात मिनिटांचा अंदाज त्यांना चांगला आला होता. मग परवानाधारक केंद्रातून पिल्लं आली. पांढरीशुभ्र, केसाळ, आधीच सुई दिलेली, गळ्यात शासनाचं अभिनंदनपत्र. ती मेंढरांना घाबरून मायाक्काच्या लुगड्यात शिरायची. लोकांना वाटायचं, शहरातल्या कुणी हौसेनं पाळलेली चुकून इथं आली.

आणि त्याच वर्षी ड्रोननं पाहणी केली, तेव्हा कुरणवाडी तालुक्याचं निर्बीजीकरण एकशे चार टक्के भरलं.

शालनबाईंनी फोटो उघडून पाहिले. कुत्री क्रमांक चारशे एक्केचाळीसला लोकर होती. चारशे बेचाळीसला शिंगं होती. यमगरांच्या खुणेची दोनशे बारा मेंढरं कुत्री म्हणून, आणि नसबंदी झालेली म्हणून, दफ्तरी दाखल झाली होती. त्यांनी तसं पत्र लिहिलं. सरनोबतांचं उत्तर आलं: 'शिंगे हे स्थानिक जातीचे वैशिष्ट्य असू शकते. आपले पत्र अभिनंदनासह दफ्तरी दाखल.'

फाल्गुनातल्या एका सकाळी मायाक्का दवाखान्याच्या दारात उभी राहिली. दोन वर्षांत ती या दाराला आली नव्हती.

"बाई, तांबडी अडलीया."

"कोण तांबडी? मेंढी?"

"कुत्री. काल सांजंपासनं कळा देतीया. पिल्लू येईना."

शालनबाई उठल्या होत्या त्या परत खाली बसल्या. "मायाक्का, कसं शक्य आहे? तुमच्या सगळ्या कुत्र्यांना सुई दिलीय."

"हिला न्हाय दिली."

"का?"

"तुमच्या मोबायलनंच सांगितलं, हिचं झालंय म्हनून. धन्यवाद बी म्हनला मेला."

वाटेत जीपमध्ये मायाक्कानं सगळं सांगितलं. तांबडीची आई ती आठ दिवसांची असताना बिबट्यानं नेली. मायाक्कानं पिल्लू नुकत्याच व्यालेल्या मेंढीला लावलं. मेंढीनं पाजलं. मेंढीच्या दुधावर वाढलेलं कुत्रं मेंढराला रक्ताचं मानतं, असं यमगरांकडं मानतात. पण दूध मेंढीचं प्यायलं तर खूणही मेंढीची घ्यावी लागते, नाहीतर दुधाचा अपमान होतो. म्हणून कोकरांबरोबर तिलाही उन्हाकडं धरून धुळानं तिच्या डाव्या कानाला खाच पाडली. दीड महिन्यानं पथकं आली. कॅमेऱ्यानं कान पाहिला, आणि तो हिरवा झाला.

"पयल्या माजांना ह्यांनी बांधून ठेवली," मायाक्का म्हणाली. "भ्याले हुते. कुनाला कळंल म्हनून. औंदा म्हनले, कळू दे. मोकळी सोडली."

बाभळीखाली, वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीला लागून, तांबडी आडवी पडली होती. जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. धुळा तिच्या डोक्याशी बसला होता. त्यानं शालनबाईंकडं पाहिलं नाही.

"पोट उघडावं लागेल," शालनबाई म्हणाल्या. "तात्या, तिला घट्ट धराल?"

"त्यास्नी सांग," धुळा मायाक्काला म्हणाला, "धरायची सवय हाय आमाला. मागं बी धरून दिली हुती."

मायाक्कानं ते सांगायची गरज नव्हती. शालनबाईंनी ऐकलं होतं.

सहा वर्षांत त्यांनी चाकू हातात धरला नव्हता. सगळं काम सुईनं चालायचं. पण बोटांना आठवत होतं. भूल, मधोमध छेद, रक्तानं फुगलेलं गर्भाशय बाहेर. वाट अडवून बसलेलं पहिलं पिल्लू मेलेलं होतं. मग एकामागून एक सहा आली. मायाक्का ती फडक्यात घेऊन चोळत होती. सहावं मुठीत मावेल एवढं, निळं. मायाक्कानं त्याचं नाक तोंडात धरून शोषलं, थुंकली, पुन्हा शोषलं. बऱ्याच वेळानं ते उंदरासारखं चिरकलं.

"मादी हाय," ती म्हणाली.

शालनबाई टाक्याकडं वळल्या. आणि तेव्हा त्यांनी पाहिलं की त्यांच्या उजव्या हातानं चिमटा अंडाशयाच्या देठाला लावला होता. डाव्या हातात दोरा तयार होता. साडेआठ हजार वेळा जे केलं तेच हात करायला निघाले होते. देठ बांधायचा, कापायचा, काढायचं, फेकायचं. कोणी आज्ञा दिली नव्हती. मांडीतल्या स्नायूसारखे ते आपले कामाला लागले होते.

धुळा चिमट्याकडं बघत होता. त्याला माहीत होतं ते काय आहे.

शालनबाईंनी चिमटा सोडवला. डाव्या हातातला दोरा टाकून दिला. मग गर्भाशयाला एकेक टाका घालून ते होतं तसं आत ठेवलं.

पोटाचा शेवटचा टाका झाल्यावर त्या तांबडीच्या कानाकडं कितीतरी वेळ बघत बसल्या. तिरकी बाजू. आपलाच हात. नव्हे, धुळाचा.

"मायाक्का, तीन आठवड्यांनी पिल्लांचे कान उभे राहतील. महिन्याभरात सरनोबतसाहेब शंभर टक्क्यांची पाहणी करायला येणार आहेत. त्याआधी खूण करायला सांगा तात्यांना."

धुळा बराच वेळ माती उकरत राहिला. "त्यास्नी म्हनावं, त्यांच्या हातानं करा. ह्या डावाला चाकू त्यांचा."

तीन आठवड्यांनी शालनबाई आल्या आणि एकेक कान उन्हाकडं धरून, शीर सोडून, पाच पिल्लांना खाच पाडली. धुळा राख दाबत गेला. सहावं मायाक्कानं पदराखाली धरलं. "हिला नगं. हिच्यात रगत तरी किती हाय? चार दिस जाऊ द्या."

ते चार दिवस मिळाले नाहीत. शंभर टक्क्यांच्या समारंभाला येणाऱ्या मंत्रिमहोदयांची तारीख अलीकडं आली, आणि तिसऱ्याच दिवशी शालनबाईंनी कान तपासून धुळानं पुन्हा राख दाबली, तेवढ्यात सरनोबतांची गाडी माळावर आली. बरोबर सुईची पेटी घेतलेला एक तंत्रज्ञ.

"तुपे मॅडम! तुम्हीही इथंच? छान!" सरनोबतांनी फोन पुढं धरला. सगळा तालुका हिरव्या ठिपक्यांनी भरला होता, गव्हाच्या शेतासारखा. मधे एक लाल, कालच्या ड्रोननं टिपलेला. "उद्या मंत्रिसाहेबांपुढं हा नकाशा मोठ्या पडद्यावर येणार. हा एवढा एक डाग. बघू या का?"

तांबडी बाभळीखाली पडून होती आणि सहाही पिल्लं तिला लुचत होती. तंत्रज्ञानं कॅमेरा तांबडीवर धरला. "निर्बीजीकरण पूर्ण. धन्यवाद, जबाबदार पालक!"

पिल्लांचा चुटुचुटु आवाज येत होता. सरनोबतांनी एकदा पिल्लांकडं पाहिलं, एकदा मोबाइलकडं.

"साहेब," तंत्रज्ञ हळूच म्हणाला, "ही तर पाजतीय."

"माझ्या डोळ्यांचा रिपोर्ट जात नाही, कदम. ह्याचा जातो. पुढं."

पाच पिल्लं हिरवी झाली. पाच वेळा धन्यवाद झाले. सहाव्याला फोन लाल झाला. 'नोंद नाही. मादी. प्रोत्साहन द्या.'

"बघा," सरनोबत समाधानानं म्हणाले. "एकच तर आहे. दहा सेकंदांचं काम."

कदमनं पेटी उघडली. मायाक्कानं पिल्लू उचलून छातीशी धरलं. धुळा उभा राहिला. हातात काठी होती, पण ती त्यानं उचलली नाही. सरकारी माणसावर काठी उचलली की मेंढरांचं काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. तो फक्त उभा राहिला, आणि शालनबाईंकडं बघू लागला.

शालनबाईंना पुण्याचं प्रशिक्षण आठवलं. संवादाची पहिली पायरी: स्मितहास्य. त्या हसल्या.

"कदम, फोन द्या जरा."

त्या जाळीपाशी गेल्या आणि कॅमेरा एका मेंढीवर धरला. मेंढीच्या पोटाखाली कोकरू ढुशा देत होतं.

"निर्बीजीकरण पूर्ण. धन्यवाद, जबाबदार पालक!"

दुसरी मेंढी. धन्यवाद. तिसरा एडका होता, वळलेल्या शिंगांचा. धन्यवाद, जबाबदार पालक. चौथी, पाचवी, सहावी. माळावर तो गोड आवाज घुमत राहिला आणि मेंढरं चरायची थांबून त्याच्याकडं बघू लागली.

"मॅडम, पुरे," सरनोबत म्हणाले.

"दोनशे बारा आहेत, साहेब. आत्ताशी नऊ झाल्या."

"मला माहितीय ते."

"मलाही माहितीय तुम्हाला माहितीय. मंत्र्यांना नाही. उद्या ते फीत कापतील, तेव्हा मी एक मेंढी दोरीला धरून स्टेजवर आणणार आणि हा फोन त्यांच्या हातात देणार. पत्रकार असतील. ते म्हणतील, मेंढीची नसबंदी? मी म्हणणार, हो, आणि तिला दर वर्षी कोकरूही होतं. आमचा तालुकाच असा आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. सरनोबतांनी पाजलेल्या त्या चहासारखा तो गरम आणि गोड होता. "नाहीतर एकशे चार टक्के कसे भरणार?"

सरनोबतांचं हसू पहिल्यांदा ढिलं झालं. "तुम्ही मला धमकी देताय?"

"छे, साहेब. सक्ती कुठंय?" शालनबाई म्हणाल्या. "प्रोत्साहन देतेय."

सरनोबतांनी हात पुढं केला, फोन घेतला आणि लाल ठिपक्यावर बोट दाबून धरलं. 'हाताने दुरुस्ती' असा रकाना उघडला. कारणांची यादी आली. त्यांनी ती वाचली, एक निवडलं, आणि फोननं ते गोड आवाजात मोठ्यानं म्हटलं: 'प्राणी नसून दगड.'

ठिपका नाहीसा झाला.

"कदम, पेटी मिटा," ते म्हणाले. मग शालनबाईंना म्हणाले, "मॅडम, तुमची सेवानिवृत्ती कधी आहे?"

"सहा वर्षांनी. काळजी घ्या."

दुसऱ्या दिवशीचा समारंभ उत्तम झाला. तालुक्याला ढाल मिळाली, ती पंचायत समितीच्या जिन्यात लावली आहे. मंत्रिमहोदय म्हणाले, की जबाबदार पालकत्व काय असतं हे कुरणवाडीकडून शिकावं. ते खोटं नव्हतं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी गाडीची धूळ खाली बसली तेव्हा मायाक्कानं पदराखालचं पिल्लू बाहेर काढून तांबडीपाशी ठेवलं. शालनबाई जमिनीवर बसल्या. मग त्यांनी पर्समधून वही काढली, आयुष्यभराची सवय.

"पिसाळीची खरी लस द्यायची यांना, तीन महिन्यांनी. मी स्वतः येईन. नावं ठेवलीत का?"

मायाक्का बोटांवर मोजत सांगू लागली. "काळा त्यो वाघ्या. बांडा सर्ज्या. कानफाट्या. ह्या दोघी बिजली आन् हौशी." मग तिनं त्या मुठीएवढ्या पिल्लाच्या पाठीवर बोट फिरवलं. "ही दगडी."

"दगडी?"

"मग? जगत न्हाय म्हनून पोराचं नाव दगडू ठेवत्यात, तसं. नजर लागत न्हाय मग. हिचं तर सरकारनंच ठेवलंय."

शालनबाई दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. हसता हसता पेनाचं टोपण काढलं, वर तारीख घातली आणि लिहिलं, 'वाघ्या, नर, काळा, कळप'.

एक राखेनं माखलेला हात आडवा आला. त्यानं पेन त्यांच्या बोटांतून काढून घेतलं, टोपण लावलं आणि पर्सवर ठेवलं.

"बाई," धुळा म्हणाला. त्यांनाच म्हणाला, मायाक्काला नाही. "लिवू नका. ध्यानात ठिवा."

शालनबाईंनी ते पान फाडून त्याच्या हातात दिलं. मग त्या बोटांवर नावं म्हणू लागल्या. वाघ्या, सर्ज्या, कानफाट्या, बिजली. पाचव्याला अडल्या. धुळानं हौशीचं नाव सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली.